वीज जाते, तशी परतही यावी लागते
(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)

दरवर्षी या व्यासपीठावरून आरोग्य, शिक्षण, संतसाहित्य अशा विषयांवर चांगली व्याख्याने होतात. यंदा कार्यकारिणीने आम्हाला सांगितले, "तुमच्या विषयावर बोला, पण घरी जाऊन उपयोग होईल असे बोला." आम्ही इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलेले सरकारी नोकर. सरकारी इमारतींच्या विजेची देखभाल हे आमचे रोजचे काम. पण रविवारी सोसायटीत आमच्याकडे लोक येतात ते घरच्या विजेसाठी नव्हे, गाडीच्या विजेसाठी. म्हणून आज विषय घेतला आहे जुन्या गाडीतल्या न सापडणाऱ्या बिघाडांचा.

पांडेसऱ्यात, उधन्यात, भेस्तानमध्ये, डिंडोलीत आपली बरीच कुटुंबे खानदेशातून आलेली. वडिलांच्या पिढीने मिलमध्ये पाळ्या केल्या, भाड्याच्या खोलीत दिवस काढले, मग घर झाले आणि घरानंतर गाडी आली. ती गाडी आज बारा, पंधरा, अठरा वर्षांची आहे. आखाजीला आणि दिवाळीला तीच बारडोली, व्यारा, नवापूर करत आपल्याला गावी नेते. ती विकायची की ठेवायची हा पैशाचा प्रश्न आहेच, पण कोंडाईबारीच्या घाटात रात्री दिवे गेले तर तो जिवाचाही प्रश्न होतो.

आता अशा गाड्यांच्या तक्रारी ऐका. ब्रेक दाबला की इंडिकेटर लुकलुकतो. पाऊस पडला की हॉर्न आपोआप वाजतो. रात्री नीट लावलेली गाडी सकाळी सेल्फ उचलत नाही. चालता चालता काटे खाली पडतात आणि पुन्हा वर येतात. गॅरेजला नेली की शहाण्या मुलासारखी वागते, घरी आणली की पुन्हा तेच. मग घरात कोणीतरी म्हणते, गाडीत भूत आहे, लिंबू-मिरची बदला.

पुढचा क्रमही ठरलेला असतो. आधी बॅटरी बदलतात. आठ दिवस बरे जातात. मग अल्टरनेटर बदलतात. मग "सेन्सर का लफडा है" म्हणून एक सेन्सर. शेवटी सांगतात की गाडीचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीएम गेला, आणि त्याची किंमत ऐकून माणूस भंगारवाल्याला फोन करतो. या सगळ्यात एक गोष्ट मात्र कोणी केलेली नसते. मीटर लावून कोणी मोजलेले नसते.

आमचे आजचे सांगणे एवढेच आहे: पार्ट बदलण्याआधी मोजा, आणि मोजताना विजेची जाण्याची वाट तशी परतीचीही वाट मोजा.

गाडीत एवढ्या वायरी आल्या कुठून

अँबेसेडर आणि फियाट ज्यांनी चालवली त्यांना आठवत असेल, त्या गाड्यांचे वायरिंग एका कागदावर काढता येई. दिवे, हॉर्न, वायपर, सेल्फ, इग्निशन कॉइल, संपले. १९८३ साली मारुती ८०० आली तीही सुरुवातीला कार्ब्युरेटरचीच होती. पुढे फ्युएल इंजेक्शन आले, त्याबरोबर सेन्सर आले आणि कॉम्प्युटर आला.

१ एप्रिल २०१० पासून देशातल्या तेरा शहरांत भारत स्टेज चार हे प्रदूषणाचे नियम आधी लागू झाले. त्या तेरांत आपले सुरत होते, तसेच महाराष्ट्रातले मुंबई, पुणे आणि सोलापूर होते. या नियमांबरोबर गाडीने आपला दोष स्वतःच नोंदवून ठेवायचा, अशी यंत्रणा टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. म्हणजे त्या काळात इथे घेतलेल्या गाड्यांत वायरी भरपूर आणि कपलरही भरपूर. त्याच गाड्या आता पंधरा वर्षांच्या झाल्या आहेत. इंजिन अजून ठणठणीत आहे, पण वायरींची टोके म्हातारी झाली आहेत.

आणि आपल्या सुरतची हवा! समुद्र जवळ, दमट वारा, पावसाळ्यात आठ-आठ दिवस गाडी वाळत नाही. त्यात औद्योगिक वसाहतीची धूळ आणि काजळी. कपलरच्या पिनांवर ओल आणि धूळ बसली की हिरवट-पांढरा थर धरतो. ऑगस्ट २००६ च्या तापीच्या पुरात अडाजण-रांदेरकडच्या असंख्य गाड्या बुडाल्या हे सर्वांना माहीत आहे. आपल्याकडे नदीचे नाही तरी खाडीचे पाणी चढते. पाणी गालिच्यापर्यंत आले तरी पुरे, कारण बऱ्याच गाड्यांत वायरिंगचा जाड जुडगा दरवाजाच्या उंबऱ्याला लागून गालिच्याखालूनच जातो. तांब्याच्या बारीक तारांमधून पाणी वातीत तेल चढावे तसे वर चढते. वरचे वेष्टन छान दिसते, आत तार काळी पडलेली असते. बिघाड वर येतो सहा महिन्यांनी, तोवर पाणी आपण विसरलेलो असतो.

यात आणखी दोघांची भर. एक म्हणजे आपणच. सीएनजी किट, म्युझिक सिस्टिम, रिव्हर्स कॅमेरा, मोठा हॉर्न, सेंट्रल लॉक. प्रत्येकाने कुठेतरी मूळ वायर सोलून तिला दुसरी वायर पिळली आणि वर काळी टेप गुंडाळली. उन्हाळ्यात टेपचा गोंद सुटतो आणि सांधा उघडा पडतो. दुसरा म्हणजे उंदीर. बाप्पाच्या वाहनाने आपल्या वाहनात घर केले तर त्याला नमस्कार करून बाहेर काढावे, कारण त्याचे दात सतत वाढतात आणि ते झिजवायला त्याला वायरच सोयीची वाटते.

परतीची वाट

आता मुख्य मुद्दा. घरात फेज आणि न्यूट्रल अशा दोन वायरी असतात. गाडीत बहुतेक उपकरणांना प्लसची वायर येते आणि परतीचे काम गाडीचा पत्राच करतो. बॅटरीचा मायनस एका जाड केबलने बॉडीला आणि एका केबलने इंजिनला जोडलेला असतो. गॅरेजवाले याला अर्थ म्हणतात. नाव अर्थ असले तरी जमिनीशी त्याचा संबंध नाही. काम न्यूट्रलचे आहे.

सोसायटीत न्यूट्रल तुटला की काय होते, तुम्ही पाहिले आहे. एका घरात बल्ब मंद, शेजारी भगभगीत, तिसऱ्याचा टीव्ही जळतो. तिन्ही घरांत वायरमन पाठवून उपयोग नाही, कारण दोष तिन्ही घरांत नाही. गाडीचेही तसेच आहे. अर्थ सैल झाला की एकाच वेळी चार असंबद्ध तक्रारी सुरू होतात, आणि आपण चार वेगळे पार्ट बदलत बसतो.

मागच्या दिव्याचे उदाहरण घ्या. अनेक गाड्यांत एकाच बल्बमध्ये दोन तारा असतात, ५ वॅटची टेललाइटची आणि २१ वॅटची ब्रेकची. त्या दोघींचा आणि शेजारच्या इंडिकेटरचा अर्थ एकच. तो अर्थ गंजला आणि ब्रेक दाबला की वीज ब्रेकच्या तारेतून येते, पण परत जायला वाट नाही. मग ती टेललाइटच्या तारेतून उलटी घुसते, पुढे त्या वायरीवरच्या दुसऱ्या बल्बांतून वाट काढते, आणि जे दिवे लागायला नकोत ते मंद पेटतात. यात भूत कुठेच नाही. वीज फक्त घरी जायची वाट शोधते आहे.

तपासणी पाच मिनिटांची. एक लांब वायर घ्या, एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरे दिव्याच्या होल्डरच्या अर्थला लावा. सगळे दिवे लगेच सरळ वागू लागले तर दोष सापडला. नवा बल्ब, नवा स्विच, नवा फ्लॅशर काही नको.

मीटर कसे वापरावे

चार-पाचशे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर घरात ठेवावा. दहावीत विज्ञान शिकलेल्या कोणालाही तो वापरता येतो. आमच्या सोसायटीतल्या मुली तो मुलांपेक्षा नीट वापरतात.

पहिले मोजमाप बॅटरीचे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे साधारण अर्धी उतरलेली. १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. मग कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि आकड्याकडे पाहा. साडेनऊच्या खाली जात असेल तर बॅटरी संशयित आहे. इंजिन चालू झाल्यावर साधारण १३.८ ते १४.५ मिळाले तर अल्टरनेटर भरणा करतो आहे. हे तीन आकडे वहीत लिहून ठेवा. निम्मे वाद इथेच मिटतात.

दुसरे मोजमाप वाटेचे, आणि ते नेहमी लोडवर करायचे. पुष्कळ जण मीटरची शिट्टी वाजते का एवढेच पाहतात. शिट्टी वाजली म्हणजे वायर सलग आहे, एवढेच खरे. वीस तारांपैकी एकच तार शिल्लक असेल तरी शिट्टी वाजते. एका माणसापुरत्या बोळातून एक माणूस आरामात जातो. तिथूनच विसर्जनाची मिरवणूक न्यायची म्हटली की खोळंबा होतो. सेल्फ १०० अँपिअर किंवा जास्तही ओढतो. सांध्यात ०.०२ ओहम एवढा क्षुल्लक अडथळा असला तर १०० गुणिले ०.०२, म्हणजे २ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. तो ०.०२ ओहम साध्या मीटरवर धड दिसतही नाही.

म्हणून मीटर व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या मायनसच्या खुंटावर, दुसरे बॉडीच्या उघड्या लोखंडावर. हेडलाइट, ब्लोअर, वायपर सगळे चालू करा. आकडा ०.२ च्या आत असावा. मग तसेच बॅटरीचा मायनस आणि इंजिन यांच्यात मोजा. तसेच बॅटरीचा प्लस आणि उपकरणाची प्लस वायर यांच्यात मोजा. जिथे आकडा मोठा, तिथे दोष.

आमच्या एका स्नेह्यांच्या गाडीची गोष्ट सांगतो. गाडी २०१० ची. दिवसा उत्तम चालते. संध्याकाळी पावसात, दिवे-वायपर-ब्लोअर सुरू असताना स्टिअरिंग वळवले की ते जड होते, मीटरचे काटे पडतात, इंजिन आचके देते. बॅटरी नवी, अल्टरनेटर नवा. आता ईसीएम बदलायचा सल्ला मिळालेला. आम्ही वर सांगितले तसे मोजले. बॅटरी ते इंजिन ०.०५ व्होल्ट, उत्तम. बॅटरी ते बॉडी १.४ व्होल्ट, आणि उभ्या गाडीत स्टिअरिंग वळवताच आकडा ३ च्या पुढे, कारण विजेचे पॉवर स्टिअरिंग एकदम मोठा करंट ओढते. त्या गाडीत स्टिअरिंगची मोटर, पेट्रोलचा पंप आणि मीटर, सगळ्यांची परतीची वाट तीच एक केबल. बॅटरीचा ट्रे काढला. खाली केबलचा बोल्ट गंजलेला, थिंबलमध्ये पांढरी-हिरवी पूड. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत केला, नवे थिंबल दाबून बसवले, बोल्ट कसला, वर पेट्रोलियम जेली लावली. आकडा ०.०६ वर आला. खर्च दोनशे रुपयांच्या आत. लूमवर ताण्याचा एक धागा तुटला तर कारागीर मोटर बदलत नाही, तुटलेले टोक शोधतो. इथेही तेवढेच केले.

रात्रीतून बॅटरी उतरते तेव्हा

बंद गाडीही थोडी वीज खाते: घड्याळ, लॉक, कॉम्प्युटरची स्मृती. साधारण २० ते ५० मिलिअँपिअर चालेल. लहान गाडीची ३५ अँपिअर-अवरची बॅटरी धरली तर ३० मिलिअँपिअरने ती रिकामी व्हायला दीड महिना लागेल. पण डिकीचा ५ वॅटचा दिवा आतल्या आत पेटत राहिला तर तो सुमारे ०.४ अँपिअर खातो आणि साडेतीन दिवसांत बॅटरी रिकामी. जुनी असेल तर दुसऱ्याच सकाळी सेल्फ उचलत नाही.

मोजायचे असे. गाडी बंद, किल्ली बाहेर, दरवाजे बंद. बॅटरीचा मायनस काढून मधे मीटर अँपिअरवर लावा आणि अर्धा तास थांबा, कारण गाडीतले कॉम्प्युटर झोपायला वेळ घेतात. मीटर मधे असताना दरवाजा उघडू नका, सेल्फ तर मुळीच मारू नका, मीटर जळेल. मग एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा खाली पडला, त्या वाटेवर चोर आहे. डिकीचा दिवा, म्युझिक सिस्टिम आणि चिकटलेला रिले हे नेहमीचे चोर. एकाही फ्यूजने फरक पडला नाही तर अल्टरनेटरचा डायोड तपासून घ्यावा, कारण त्याची जाड केबल या लहान फ्यूजांतून जात नाही.

तापल्यावर बंद पडणारी गाडी

सर्वांत त्रासदायक बिघाड हा. नवापूरपर्यंत ठीक, विसरवाडी सोडली, घाट चढायला लागलो की बंद. अर्धा तास थांबले की पुन्हा चालू. क्रँक सेन्सर किंवा रिलेमधला तडकलेला टाका तापल्यावर दगा देतो आणि थंड झाल्यावर जुळतो. अशी गाडी गॅरेजला थंड नेऊन उपयोग नाही. केव्हा बंद पडली, किती किलोमीटरनंतर, एसी चालू होता का, पाऊस होता का, कोणता दिवा पेटला, हे तिथल्या तिथे लिहून ठेवा. डॉक्टरला ताप कधी चढतो हे सांगतो, तसेच.

स्टिअरिंगखाली सोळा पिनांचे सॉकेट असेल तर स्कॅनर लावून दोषाचा क्रमांक मिळतो. पण हा क्रमांक म्हणजे निकाल नव्हे, फक्त फिर्याद आहे. पी ०३३५ आला तर त्याचा अर्थ "क्रँक सेन्सरच्या सर्किटमध्ये दोष". सर्किटमध्ये सेन्सर येतो, तशी वायर, कपलर आणि अर्थही येतो. पी ०५६२ म्हणजे व्होल्टेज कमी. ते का कमी, हे मीटरच सांगेल. आणि एकाच वेळी पाच-सहा सेन्सरचे क्रमांक आले तर सहाही सेन्सर एका दिवशी मेले नाहीत, त्यांची सामायिक वाट तुटली आहे, असे समजावे.

हे मात्र करू नका

पहिले, फ्यूज उडतो म्हणून मोठा घालू नका, सिगरेटच्या पाकिटातली चांदी तर कधीच गुंडाळू नका. लाल १० अँपिअर, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. फ्यूज उपकरणाला नव्हे, वायरीला वाचवतो. दहाच्या जागी तीसचा घातला तर शॉर्ट झाल्यावर फ्यूज शाबूत राहतो आणि वायर पेटते. गाडीत मागे मुले बसलेली असतात, हे लक्षात ठेवा.

दुसरे, इंजिन चालू ठेवून बॅटरीचा टर्मिनल काढून अल्टरनेटर तपासायची जुनी रीत आता सोडा. डायनॅमोच्या काळात ती चालून जाई. आजच्या गाडीत त्या क्षणी व्होल्टेज उसळते आणि कॉम्प्युटर खरोखर जातो.

तिसरे, पिवळ्या वेष्टनातल्या वायरींना टेस्ट लॅम्प लावू नका, त्या एअरबॅगच्या असतात.

चौथे, पाण्यात उभी राहिलेली गाडी चालू होते का म्हणून सेल्फ मारू नका. पाणी बॅटरीपर्यंत नसेल तर आधी मायनस काढा, मग ओढून न्या, गालिचे उचलून वाळवा. बॅटरी काढताना मायनस आधी आणि लावताना मायनस शेवटी, म्हणजे पाना बॉडीला टेकला तरी ठिणगी पडत नाही.

ठेवावी की द्यावी

पंधरा वर्षांनी खासगी गाडीची तपासणी होऊन नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. एप्रिल २०२२ पासून मोटारीची ही फी ६०० वरून ५००० रुपये झाली. त्या वेळी घरोघरी चर्चा होते. आमचे मत असे की निर्णय पत्रा, इंजिन आणि ब्रेक पाहून करावा. पत्रा सडला असेल, बॉडीला भोके पडली असतील, वायरिंगचा मुख्य जुडगा पुरात भिजलेला असेल तर मोह सोडावा. गाडी कितीही लाडकी असली तरी तिच्यात बसणारी माणसे जास्त लाडकी आहेत. पण पत्रा चांगला, इंजिन चांगले आणि केवळ "वायरिंगचा प्रॉब्लेम" म्हणून कोणी गाडी भंगारात घालायला सांगत असेल, तर आधी एक रविवार सकाळ तिला द्या.

त्या सकाळी करायची कामे अशी. बॅटरीचे दोन्ही टर्मिनल काढून घासणे. बॉडी आणि इंजिनच्या अर्थचे बोल्ट काढून, पत्रा घासून पुन्हा कसणे. मागच्या दिव्यांचे होल्डर पाहणे. टेपने गुंडाळलेला प्रत्येक सांधा उघडून नीट दाबून जोडणे, वर स्लीव्ह चढवणे. मग वर सांगितलेले आकडे मोजून तारखेसह वहीत लिहिणे. पावसाळ्याआधी आणि दिवाळीला गावी जाण्याआधी, असे वर्षातून दोनदा केले तरी पुष्कळ. आणि गॅरेजला गेलात तर कारागिराशी वाद घालू नका; वही पुढे करा आणि म्हणा, "भाई, बॅटरी ते बॉडी एवढा ड्रॉप आहे, इथून बघा." चांगला कारागीर अशा गिऱ्हाइकावर खूश होतो, आणि दुसऱ्या प्रकारचा कारागीर लगेच ओळखू येतो.

आमचे बोलणे इथे संपवतो. सर्वांचा प्रवास सुखरूप होवो, हीच विघ्नहर्त्याच्या चरणी प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया! पुढच्या वर्षी लवकर या!